फोनमध्ये हेरगिरी झाली, हे बाहेरचे संशोधक सिद्ध कसं करतात?

दुर्बीण

पेगॅसस हे इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं फोनमधून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर. १८ जुलै २०२१ ला त्याच्याबद्दल 'पेगॅसस प्रोजेक्ट'च्या बातम्या आल्या, तेव्हापासून एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं : "पन्नास हजार फोन हॅक झाले." ज्यांनी तपास केला, त्यांनी असा दावा केलेलाच नाही. पॅरिसची फॉरबिडन स्टोरीज ही पत्रकारांची संस्था आणि ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेची सिक्युरिटी लॅब यांच्या हाती पन्नास हजारांहून अधिक फोन क्रमांकांची यादी आली. १७ माध्यमसंस्थांनी त्या यादीतले लोक शोधून काढले. प्रत्यक्ष तपासायला मिळाले ६७ फोन. त्यातल्या ३७ मध्ये पेगॅससच्या खुणा सापडल्या : २३ मध्ये शिरकाव झालेला होता, १४ मध्ये प्रयत्न झाल्याचं दिसत होतं. उरलेल्या ३० बद्दल काहीच ठामपणे सांगता आलं नाही. त्यातले कित्येक लोक मधल्या काळात फोन बदलून बसले होते.

हे तीस फोन मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. "सापडलं नाही" म्हणजे "नव्हतं" असं लिहिण्याचा मोह तिथे टाळलेला आहे.

खुणा म्हणजे नेमकं काय, याचा एक नमुना देते. आयफोनमध्ये डेटायूसेज नावाची एक एसक्यूलाइट फाइल, म्हणजे तक्त्यांची छोटी माहितीपेटी असते. कुठल्या प्रक्रियेने (फोनमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमने) किती मोबाइल डेटा वापरला, ते तिच्यात नोंदलं जातं. तिच्यातले दोन तक्ते इथे कामाचे. झेडप्रोसेसमध्ये प्रक्रियेचं नाव आणि तिचा क्रमांक. झेडलाइव्हयूसेजमध्ये त्याच क्रमांकावर पडलेले वापराचे आकडे. काही फोनमध्ये पेगॅससने पहिल्या तक्त्यातून आपली नावं पुसली होती, पण दुसऱ्यातले आकडे तसेच राहिले. खतावणीतून खातेदाराचं नाव खोडलं आणि रोजकीर्दीत त्याच्या नावावरच्या रकमा राहून गेल्या, असा प्रकार. अशी अनाथ नोंद एकटी पुरावा ठरत नाही. पण त्याच मिनिटाच्या आसपास इतर खुणा असतील तर ती बोलायला लागते.

जिथे नावं राहिली तिथे ती ॲपलच्या खऱ्या प्रक्रियांची नक्कल करणारी होती. कॉमसेंटर या खऱ्या नावात मध्येच एक जादा 'एस', मॅपकिटच्या जागी मॅपिट. हजार ओळींच्या यादीत नुसत्या नजरेला हे सापडणं कठीण. म्हणून खऱ्या आयओएसमधल्या प्रक्रियांची यादी शेजारी ठेवून ताडून बघावं लागतं.

यापेक्षाही भक्कम दुवा आयमेसेजचा. वेगवेगळ्या लोकांच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या फोनमध्ये, संशयास्पद प्रक्रिया सुरू होण्याच्या थोडं आधी एकाच अनोळखी खात्याची नोंद सापडली. एका फोनवरची खूण योगायोग म्हणून सोडता येते. पाच फोनवर तोच क्रम आला तर नाही सोडता येत.

ॲम्नेस्टीने बातम्यांच्या दिवशीच आपली पूर्ण पद्धत प्रसिद्ध केली आणि टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने ती स्वतंत्रपणे तपासली. या धाग्यात त्या पद्धतीबद्दल बोलावं अशी विनंती. कोण कुणाच्या बाजूचं, यासाठी दुसरे धागे आहेत.

पाटीपेन्सिल

उत्तम विषय. एक सरळ प्रश्न : तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पत्रकाराला किंवा वकिलाला संशय आला, तर ही तपासणी घरच्या संगणकावर करता येते का? की फोन परदेशी पाठवावाच लागतो?

लोहचुंबक

पाटीपेन्सिल, पहिली फेरी घरी करता येते. ॲम्नेस्टीने जुलै २०२१ मध्येच एमव्हीटी, म्हणजे मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट, फुकट आणि मुक्तस्रोत म्हणून दिलं. आज्ञांची नावं इथे देवनागरीत देतो, टंकताना रोमनमध्ये.

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते. फोन रीसेट करू नका, नवा घेऊन जुना विकू नका, संशयास्पद संदेश पुसू नका. घाबरलेला माणूस पहिल्या तासात नेमकं हेच करतो आणि पुरावा जातो. आयओएसचं अपडेटही तपासणीची प्रत काढून झाल्यावरच. आयओएस २६ मध्ये शटडाउन लॉग, म्हणजे फोन बंद होतानाच्या नोंदींची फाइल, फोन सुरू होताना नव्याने लिहिला जातो, त्यामुळे जुन्या नोंदी जातात. प्रत निघाली की मात्र अपडेट लगेच करा, ते लांबवू नका.

आयफोनसाठी :

१. सिसडायग्नोज, म्हणजे फोनच्या अंतर्गत नोंदींची एकत्र फाइल, काढा. आवाजाची दोन्ही बटणं आणि बाजूचं बटण एकत्र साधारण सेकंद-दीड सेकंद दाबून सोडा. जास्त वेळ दाबलं तर बंद करण्याची पट्टी येते, ती रद्द करून पुन्हा करा. फाइल तयार व्हायला दहा मिनिटं धरा. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स, ॲनालिटिक्स डेटा. तिथल्या यादीत 'सिसडायग्नोज'ने सुरू होणारी फाइल दिसेल. कॅस्परस्कीच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये दाखवलं की या फाइलीतल्या शटडाउन लॉगमध्ये फोन बंद होताना अडून बसलेल्या प्रक्रियांची नावं राहतात आणि पेगॅससच्या खुणा तिथेही मिळू शकतात. फोन कधी बंद-चालूच केला नसेल तर या लॉगमध्ये काही नसणार.

२. संगणकावर स्थानिक बॅकअप घ्या, तोही पासवर्ड घालून एन्क्रिप्ट केलेला. इथे बहुतेक जण चुकतात. साध्या बॅकअपमध्ये सफारीचा इतिहास आणि कॉलची यादी येतच नाही, एन्क्रिप्टेडमध्ये येते. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर 'रीसेट ऑल सेटिंग्ज' करून नवा घालता येतो, पण आधी घेतलेला बॅकअप त्या नव्या पासवर्डने उघडत नाही.

३. जागा मोजून घ्या. बॅकअप जेवढा, तेवढीच जागा उलगडलेल्या प्रतीला लागते. ६० जीबीचा बॅकअप असेल तर १२० जीबी रिकामी हवी, वर थोडी शिल्लक. डिस्क भरून काम मध्येच थांबलं की अर्धवट प्रत तयार होते आणि तपासणी त्या अर्धवट प्रतीवर बिनतक्रार चालते.

४. लिनक्स किंवा मॅक वापरा. विंडोज असेल तर त्यावर लिनक्सची उपप्रणाली चालवा. पायथन ३ आणि पिपएक्स टाकून 'पिपएक्स इन्स्टॉल एमव्हीटी'. मॅकवर टर्मिनलला 'फुल डिस्क ॲक्सेस' दिलेला नसेल तर बॅकअपचं फोल्डर वाचता येत नाही आणि 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. एमव्हीटीत काही बिघाड नसतो, फक्त परवानगी द्यायची राहिलेली असते.

५. आधी 'डाउनलोड-आयओसीज' चालवून खुणांच्या याद्या उतरवा. मग 'डिक्रिप्ट-बॅकअप', मग 'चेक-बॅकअप'. तपासणीला '--हॅशेस' हा पर्याय जोडा, म्हणजे तपासलेल्या प्रत्येक फाइलचा हॅश (गणिताने काढलेला ठसा) ही नोंदला जातो. निकाल जेसन फाइलींत येतो, शिवाय सगळ्या घटना वेळेनुसार लावलेली टाइमलाइन मिळते. यादीशी जुळलेल्या नोंदी 'डिटेक्टेड' नावाच्या वेगळ्या फाइलींत पडतात.

आता निकालाचा अर्थ. 'डिटेक्टेड' फाइल आली म्हणजे शिरकाव सिद्ध झाला असं नाही. बातमीत वाचलेलं एखादं डोमेन कुतूहलाने स्वतःच ब्राउझरमध्ये टाईप केलं असेल, तर तेही जुळतं. आणि फाइल आली नाही म्हणजे फोन स्वच्छ असंही नाही. सार्वजनिक याद्यांत जुन्या, उघड झालेल्या खुणाच असतात. नव्या हल्ल्यांच्या खुणा संशोधक काही काळ जाहीर करत नाहीत, कारण जाहीर केल्या की हल्लेखोर दुसऱ्या दिवशी सर्व्हर बदलतो. एमव्हीटीच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी लोक पडद्यावरचा निकाल दाखवून "फोन क्लीन आहे" असं जाहीर करतात.

एक अट विसरू नका. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या फोनवर हे चालवायला परवान्यातच मनाई आहे.

काजवा

अँड्रॉइडचं काय? महाराष्ट्रात ग्रामीण वार्ताहरांपैकी आयफोन कितींच्या हाती असणार!

लोहचुंबक

काजवा, अँड्रॉइडवर काम अवघड होतं. दुर्बीण यांनी सांगितलेल्या ६७ पैकी १५ फोन अँड्रॉइड होते आणि त्यातल्या एकातही यशस्वी शिरकावाचा पुरावा मिळाला नाही. कारण अँड्रॉइड जुन्या नोंदी फार काळ ठेवतच नाही.

तरी जे मिळतं ते घ्यावं. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यातून बग रिपोर्ट काढा, ती एक झिप फाइल असते. अँड्रॉइडक्यूएफ हे साधन यूएसबी डिबगिंग चालू करून फोनला जोडलं तर बसवलेली ॲप्स, त्यांच्या परवानग्या, चालू प्रक्रिया असं सगळं एका फोल्डरमध्ये जमा करतं. ते फोल्डर एमव्हीटी वाचू शकतं. काम झाल्यावर यूएसबी डिबगिंग आठवणीने बंद करा. उघडं राहिलं तर पुढच्या माणसाला दार सताड उघडं मिळतं.

अँड्रॉइडवर काहीच सिद्ध होत नाही, असं मात्र समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ॲम्नेस्टीने सर्बियाचं प्रकरण प्रसिद्ध केलं. एका पत्रकाराला पोलिसांनी रस्त्यात थांबवून ठाण्यात नेलं, फोन काही वेळ त्यांच्या ताब्यात होता. तपासणीत आधी सेलेब्राइटच्या साधनाने फोन उघडल्याच्या खुणा मिळाल्या आणि पाठोपाठ नोव्हीस्पाय हे हेरगिरीचं ॲप बसवल्याच्या. फोन परत मिळाल्यावर सेटिंग्ज बदललेल्या दिसल्या म्हणून त्याने तो जसाच्या तसा तज्ज्ञांकडे दिला. त्याच कामातून क्वालकॉमच्या चिपमधली सुरक्षेची एक भेगही उघडकीला आली आणि ती बुजवली गेली.

घडीचापाट

थोडं मागे जाऊन एक जोड. हल्ल्याचा मूळ नमुना हाती लागणं हे खुणा सापडण्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ.

ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एक दुवा असलेला एसएमएस आला. त्यांनी तो दाबला नाही, सिटिझन लॅबला पाठवला. संशोधकांनी तो वेगळ्या आयफोनवर उघडला आणि एकामागोमाग लावलेल्या तीन अज्ञात भेगा त्यांच्या हाती आल्या. ॲपलने २५ ऑगस्टला आयओएस ९.३.५ काढून त्या बुजवल्या.

पुढे दुवा दाबण्याची गरजच उरली नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधली भेग वापरून सुमारे १,४०० फोन गाठले गेले. कॉल उचलला नाही तरी काम व्हायचं. भारतातल्या १२१ जणांबद्दल व्हॉट्सॲपने सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेला, कळवलं होतं. २०२१ चा फोर्स्डएन्ट्री हा हल्ला तर वेगळ्याच पातळीचा. जिफ असं नाव लावलेली फाइल प्रत्यक्षात पीडीएफ होती आणि तिच्यात जेबिग२ या जुन्या प्रतिमा-पद्धतीच्या सत्तर हजारांहून अधिक आज्ञा होत्या. त्या आज्ञा जोडून हल्लेखोरांनी प्रतिमा उलगडणाऱ्या भागाच्या आतच एक छोटा संगणक उभा केला होता. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधकांच्या गटाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा एकेक सांधा उलगडून दाखवला. त्यांना तो नमुना सिटिझन लॅबने दिला होता, आणि सिटिझन लॅबला मिळाला तो एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनच्या बॅकअपमध्ये.

या हल्ल्याबद्दल व्हॉट्सॲपने पेगॅससवाल्या एनएसओवर लावलेला दावाही तडीस गेला. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं. मे २०२५ मध्ये ज्यूरीने सुमारे १६.७ कोटी डॉलरचा दंड लावला. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी तो सुमारे ४० लाखांवर आणला, पण व्हॉट्सॲपला लक्ष्य करण्यास कायमची मनाई केली.

आडवाटा

सगळं वाचलं. माझा आक्षेप वेगळा आहे. सरकारवर विश्वास ठेवू नका, कंपनीवर ठेवू नका, मग या प्रयोगशाळांवर का ठेवायचा? त्याही कुणाच्या ना कुणाच्या देणग्यांवर चालतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला पेगॅसस सापडलंच नाही, हेही सांगायला हवं.

दुर्बीण

आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर विश्वासात शोधू नये, पडताळणीत शोधावं.

समितीबद्दल आधी. २७ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने माजी न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तीन तंत्रज्ञांची समिती नेमली. त्यात आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते होते. २५ ऑगस्ट २०२२ ला न्यायालयात सांगितलं गेलं की २९ फोन तपासले, त्यातल्या पाचांत घातक सॉफ्टवेअर मिळालं, पण ते पेगॅसस होतं असं निश्चित म्हणता येत नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, असंही सरन्यायाधीशांनी त्याच दिवशी नोंदवलं. म्हणजे "सापडलंच नाही" हे समितीच्या तोंडी घालू नका. पाच फोनमध्ये काहीतरी होतं. ते काय होतं, कुठल्या फाइलीत होतं, कोणत्या खुणांशी ताडून पाहिलं, हे बाहेरच्या कुणालाही तपासता आलेलं नाही, कारण अहवाल बंद लिफाफ्यात गेला.

आणि इथेच फरक पडतो. ॲम्नेस्टीच्या कामात चूक असेल तर ती दाखवायला लागणारी साधनं त्यांनी स्वतःच वाटली आहेत : प्रक्रियांची नावं, डोमेनच्या याद्या, तपासणीचा कोड. कुणीही आपल्या बॅकअपवर चालवून "हे चुकीचं जुळतं" असं दाखवू शकतं. लोकांनी तसं दाखवलं आहे आणि कोड सुधारलाही आहे.

नांगरफाळ

महाराष्ट्राशी थेट जोडलेलं प्रकरण म्हणजे भीमा कोरेगाव. तिथे फोन नव्हते, संगणक होते, आणि संगणकावरच्या खुणा जास्त बोलक्या असतात.

त्या प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत जप्त केला. न्यायालयामार्फत बचाव पक्षाला त्याची प्रत मिळाली. तिचं विश्लेषण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंगने केलं आणि पहिला अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. त्यांचा निष्कर्ष : १३ जून २०१६ ला ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यातून आलेली रार फाइल (झिपसारखी बांधलेली) उघडली गेली आणि नेटवायर हे दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर बसलं. पुढचे सुमारे २२ महिने कुणीतरी बाहेरून संगणक चालवत होतं. एक लपवलेलं फोल्डर बनवून त्यात कागदपत्रं ठेवली गेली. शेवटची भर जप्तीच्या आदल्या दिवशी.

हे कशावरून? तीन गोष्टी बघा.

एक, विंडोजच्या एनटीएफएस फाइलप्रणालीची स्वतःची रोजनिशी असते. फाइल कधी बनली, तिचं नाव कधी बदललं, कुठल्या क्रमाने, हे तिच्यात पडतं. फाइलच्या गुणधर्मांत दिसणारी तारीख बदलणं सोपं, पण ही रोजनिशी मागाहून सुसंगत बनवणं फार अवघड.

दोन, विंडोजमध्ये एखादी फाइल वापरकर्त्याने उघडली की तिला सहसा एक ऑब्जेक्ट आयडी चिकटतो. आर्सेनलच्या मते ती कागदपत्रं त्या संगणकावर कधी उघडल्याची एकही खूण नव्हती.

तीन, काही पीडीएफ वर्डच्या २०१० किंवा २०१३ आवृत्तीतून बनवलेल्या होत्या. लॅपटॉपवर होतं वर्ड २००७. नव्या आवृत्तीचा शिक्का असलेली फाइल जुन्या आवृत्तीतून निघत नाही.

पुढच्या अहवालांत नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि नंतर फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबद्दल असेच निष्कर्ष आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनलवन या सुरक्षा कंपनीने वेगळ्या वाटेने जाऊन, ईमेल आणि सर्व्हरच्या धाग्यांवरून, या हल्लेखोर गटाला मॉडिफाइड एलिफंट हे नाव दिलं आणि त्याच्या किमान दशकभराच्या हालचाली मांडल्या.

खटला चालवणाऱ्या एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) आर्सेनलचे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. विल्सन यांना ८ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तो दीर्घ कोठडी आणि लांबलेल्या खटल्याच्या कारणावरून. अहवाल खरा की खोटा, हे साक्षीपुराव्यातच ठरायचं आहे. पण उलटतपासणी करता येईल इतक्या नेमक्या गोष्टी त्यात लिहिल्या आहेत, हे आडवाटा यांनी ध्यानात घ्यावं. एकेका फाइलचं नाव आणि एकेका घटनेची वेळ दिलेली आहे. दुसरा तज्ज्ञ तीच प्रत उघडून खोडून काढू शकतो.

सातबारा

नांगरफाळ यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो, कारण जिल्हा न्यायालयात रोज याच जागी गाडी अडते.

पंचनाम्यात "एक काळ्या रंगाचा लॅपटॉप, सीलबंद" एवढंच लिहिलं, तर पुढे कुणीही काहीही म्हणू शकतं. मुद्देमाल ताब्यात घेतला त्याच वेळी, पंचांसमोर, राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून डिस्कची प्रत काढावी, तिचा हॅश पंचनाम्यात लिहावा आणि हॅशची प्रत आरोपीला द्यावी. हॅश म्हणजे संपूर्ण डिस्कमधून गणिताने काढलेला एक ठरावीक लांबीचा आकडा. एक अक्षर बदललं तरी तो पार वेगळा येतो. राइट ब्लॉकर न लावता डिस्क जोडली की विंडोज स्वतःहूनच तिच्यावर काहीबाही लिहितो. मग हॅश बदलतो आणि छेडछाड झाली की निष्काळजीपणा, हे सांगणंच अशक्य होतं.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र लागतंच, हे १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात पक्कं केलं. तो वाद आपल्या जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीचा, निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा छापलेलीच आहे. भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. पत्रकारांनाही हे लागू पडतं. एखादी फाइल उद्या न्यायालयात न्यावी लागेल असं वाटलं, तर ती मिळाल्याच्या दिवशीच हॅश काढा. लिनक्सवर 'शा२५६सम' आणि फाइलचं नाव. विंडोजवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', फाइलचं नाव, शेवटी एसएचए२५६. आलेला आकडा तारीख-वेळेसह स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

संशोधकांना कायद्याचं छत्र नाही, हेही सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ परवानगीशिवाय प्रणालीत शिरणाऱ्याला लागतात, दोष दाखवून देण्यासाठी भेग शोधली असं म्हणणाऱ्याला वेगळी सूट नाही. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'ने ५०० रुपयांत आधारची माहिती मिळते हे दाखवलं, तेव्हा गुन्हा नोंदवताना बातमीदाराचंही नाव त्यात आलं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात पत्रकारितेसाठी वेगळी सूट नाही, आधीच्या मसुद्यांत ती होती.

आडवाटा

दोघांचे आभार. पद्धत उघड असेल तर मी विश्वास बाजूला ठेवून तपासू शकतो, हे पटलं. पण पद्धत उघड करूनही फसगत होते ना? ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द वायर'ने फेसबुकची कंपनी मेटा हिच्याबद्दलच्या ज्या बातम्या मागे घेतल्या, त्यांच्या पुष्टीसाठी ईमेल खरा असल्याच्या डीकेआयएम तपासणीचा व्हिडिओसुद्धा दाखवला होता.

तारायंत्र

हे उदाहरण प्रत्येक वृत्तसंस्थेत शिकवायला हवं. भारतातल्या स्वतंत्र तंत्रज्ञान-पत्रकारितेचं त्यात फार नुकसान झालं, कारण पुढची खरी बातमीसुद्धा लोक त्याच चष्म्यातून बघायला लागले.

डीकेआयएम काय करतं? ईमेल पाठवणारा सर्व्हर मजकुरावर आणि काही शीर्षनोंदींवर डिजिटल सही करतो. सहीची ओळ मूळ ईमेलमध्ये असते. 'डी' म्हणजे डोमेन, 'एस' म्हणजे कुठली किल्ली, 'बीएच' म्हणजे मजकुराचा हॅश. सही तपासायची सार्वजनिक किल्ली त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, असते.

तपासायचं असेल तर मूळ फाइलच लागते. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल', मग 'डाउनलोड ओरिजिनल'. फॉरवर्ड केलेल्या ईमेलमध्ये मूळ सही राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तर काहीच नसतं. टर्मिनलचा व्हिडिओ पुरावा ठरत नाही, कारण ज्याच्या हाती तो संगणक आहे त्याने डीएनएसचं उत्तरच बदललं असेल, तर खोट्या किल्लीने केलेली सहीसुद्धा "पास" होते. व्हिडिओत दिसणाऱ्या अक्षरांना काही धक्का लागत नाही.

म्हणून ती उतरवलेली मूळ (ईएमएल) फाइल दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या जाळ्यांवरून, आपापल्या संगणकावर तपासावी. त्या दिवशीची किल्ली लिहून ठेवावी, कारण कंपन्या किल्ल्या बदलतात आणि वर्षभराने तीच तपासणी "फेल" येऊ शकते. आणि ज्या तज्ज्ञाचं नाव छापायचं त्याच्याशी आवाजी किंवा व्हिडिओ कॉलवर बोलावं. त्या प्रकरणात ज्या तज्ज्ञांनी पडताळणी केली असं सांगितलं होतं, त्यांनी आपण केली नसल्याचं म्हटलं. एका फोनने ते आधीच कळलं असतं.

सही जुळली तरी ती डोमेनची असते. खातं कुणी उघडून वापरलं, हे डीकेआयएम सांगत नाही. भीमा कोरेगावातली ती रार फाइलही ओळखीच्याच खात्यातून आली होती.

पाटीपेन्सिल

लोहचुंबक यांच्या कृतीनंतरचा प्रश्न : काही संशयास्पद सापडलं, तर कुणाला काय पाठवायचं? बॅकअपमध्ये तर सगळ्या स्रोतांची नावं असतात.

लोहचुंबक

पूर्ण बॅकअप उठून कुणालाही देऊ नका. आधी सिसडायग्नोज आणि 'डिटेक्टेड' जेसन फाइली एवढ्यावर बोलणं होऊ शकतं. जेसनमध्येही एसएमएसचा मजकूर असतो, पाठवण्याआधी उघडून वाचा. ॲक्सेस नाऊची डिजिटल सुरक्षा मदतवाहिनी २४ तास चालते, पत्रकार आणि कार्यकर्त्यांसाठी फुकट. ॲम्नेस्टीची सिक्युरिटी लॅबही प्रकरणं घेते. कायद्याच्या बाजूने दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आहे. प्रत सुरक्षित झाली की आयफोनवर लॉकडाउन मोड चालू करा. त्यात संदेशांतली बहुतेक प्रकारची जोडपत्रं अडवली जातात आणि अनोळखी फेसटाइम कॉल येत नाहीत. थोडी गैरसोय होते, पण ज्यांना खरा धोका आहे त्यांनी ती सोसावी.

ॲपलची धोक्याची सूचना आली असेल, जशी ३१ ऑक्टोबर २०२३ ला भारतात अनेक विरोधी पक्षनेत्यांना आणि पत्रकारांना आली, तर ती खरी आहे का हे ॲपल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः लॉगिन करून बघा, तिथे वरच पट्टी दिसते. खऱ्या सूचनेत दुवा दाबायला, ॲप बसवायला किंवा पासवर्ड द्यायला कधीच सांगत नाहीत. त्या फेरीतल्या दोन पत्रकारांच्या फोनमध्ये पेगॅससने लक्ष्य केल्याच्या खुणा ॲम्नेस्टीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केल्या.

दुर्बीण

टाइमलाइन वाचणाऱ्यांसाठी एक राहिलं. एमव्हीटी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतं, तिच्यात ५ तास ३० मिनिटं मिळवायची. रात्री ११:४५ ची नोंद आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१५ ची असते, म्हणजे तारीखही बदलते. आणि एसक्यूलाइट फाइल हाताने उघडून बघत असाल तर ॲपलच्या बऱ्याच तक्त्यांत सेकंद १ जानेवारी २००१ पासून मोजलेले असतात. १९७० पासून धरले तर सगळ्या घटना ३१ वर्षं मागे जातात.

काजवा, तुमच्या बग रिपोर्टमध्ये काही अडलं तर आवृत्ती आणि फोनचं मॉडेल इथे लिहा. फाइल इथे चिकटवू नका.